पान एकशे बारा

सल्वोर "बदला" म्हणाली की पुस्तक बदललं जायचं. नाताळात गावातल्या घराघरांत पुस्तकं येत, आणि प्रत्येकाच्या पाठीवर दुकानाची छोटी चिठ्ठी चिकटवलेली असे: पसंत नसेल तर पंधरा जानेवारीपर्यंत बदलून न्या. आता पसंत आहे की नाही हे कळायला आधी वाचावं लागतं. तेवढे कष्ट घेण्यापेक्षा सल्वोरला विचारणं सोपं. तिनं मासळीच्या कारखान्यात चाळीस वर्षं सुरी चालवली होती, कॉलेजचं तोंडही पाहिलं नव्हतं. पण हिवाळ्यात वीस-वीस कादंबऱ्यांचा फडशा पाडायची आणि सकाळी पोहण्याच्या तलावाशेजारच्या गरम पाण्याच्या कुंडात मानेपर्यंत बसून निकाल द्यायची. तोंडदेखलं बोलणं तिला ठाऊकच नव्हतं, असं गाव म्हणायचं. गाव बऱ्याच गोष्टी म्हणतं.

तेरा जानेवारीच्या सकाळी कुंडात तिघंच होती. डोक्यांवर बर्फ भुरभुरत होतं, पाण्यातून वाफा निघत होत्या. सल्वोर, निवृत्त मास्तर गेस्तुर आणि हालबेरा.

"ती पोलिसाची कादंबरी?" गेस्तुरनं विचारलं. "मला सुनेनं दिलीय."

"बदल. खुनी कोण ते सदतिसाव्या पानावर कळलं. पुढची तीनशे पानं पोलिसाच्या घटस्फोटाची."

"आणि बक्षीस मिळालेली?"

"वाक्यं एकाहून एक सुंदर. पण अख्ख्या पुस्तकात कुणी जेवत नाही रे. सहा माणसं आठवडाभर एका घरात राहतात आणि एकदा बटाटे उकडत नाहीत. दुःख काय वाऱ्यावर जगतं? बदल."

"माझ्या प्रेमकथेला तरी जीवदान दे, बाई."

"त्या दोघांच्या घरात फोन आहे. एकानं उचलला असता तर पुस्तक पंधराव्या पानावर संपलं असतं. पण नायिकेची सासू झकास आहे. सासूसाठी ठेव."

गेस्तुर पोट धरून हसला. हालबेरा हसली नाही. पाण्याखाली हात चोळत ती म्हणाली, "आणि ईदुनचं?"

ईदुन तिची मुलगी. राजधानीत राहायची. तिची पहिलीच कादंबरी या नाताळात आली होती: एका खेड्यातली, बुडालेल्या बोटीची. बोटीचं नाव बदललं होतं, गावाचं बदललं होतं, पण इथल्या शेंबड्या पोरालाही कळलं असतं की ही सव्वीस वर्षांपूर्वी बुडालेली ओग्मुंदुरची बोट. ओग्मुंदुर म्हणजे हालबेराचा नवरा, ईदुनचा बाप. बोटीवर दोघंच होते. ओग्मुंदुर वाचला. दुसरा होता कोल्बेन, वय वर्षं एकोणीस, सल्वोरचा एकुलता एक.

"अजून वाचलं नाही," सल्वोर म्हणाली.

"अगं, तुला तर तीन जणांनी तेच दिलंय!" गेस्तुर बोलून गेला.

"वाचीन म्हटलं ना."

हालबेरानं मान हलवली. "घाई नाही गं. ओग्मुंदुरनं वाचलं परवा. पुस्तक मिटलं, म्हणाला, पोरीनं छान लिहिलंय. मग गोठ्यात मेंढ्यांकडे गेला तो जेवायलासुद्धा आला नाही. आता ईदुन फोन करते, तो म्हणतो, सांग, झोपलोय." थोडं थांबून ती म्हणाली, "वाचून तुला त्रास झाला तर मोकळेपणी सांग. तुझाच हक्क आहे."

सल्वोर पाण्यातून उठली आणि थंडीत तशीच टॉवेलपर्यंत चालत गेली.

तिनं ते पुस्तक दोनदा वाचलं होतं.

घरी टेबलावर तीन प्रती एकावर एक ठेवल्या होत्या, तिन्हींवर चिठ्ठ्या तशाच. चांगलं पुस्तक होतं, हीच तर पंचाईत होती. ईदुन तेव्हा दहा वर्षांची होती, कोल्बेनच्या मागे मागे धक्क्यावर हिंडायची, आणि तिला सगळं आठवत होतं. तो दात घासता घासता गायचा. वाळवलेली मासळी लोणी न लावता खायचा. डाव्या बुटाची नाडी कधी बांधायचा नाही. सव्वीस वर्षांत सल्वोरला कोल्बेनचा आवाज आठवेनासा झाला होता, आणि चाळिसाव्या पानावर तो तिच्या कानात आला. ती स्वयंपाकघरात एकटी बसून रडली आणि तिला बरं वाटलं.

मग आलं पान एकशे बारा. पहाटे बोटीचा तांडेल दार ठोठावतो. मुलगा तापानं फणफणलाय. आई म्हणते, आज नको, पोराला राहू दे. तांडेल ऐकत नाही, पोराला ओढून नेतो. आई खिडकीत उभी राहते.

गावानं हेच सांगितलं होतं. प्रेत न मिळालेल्या त्या अंत्यविधीला चर्चच्या पायरीवर कुणीतरी पहिल्यांदा म्हणालं, ओग्मुंदुरनं तापातल्या पोराला उठवून नेलं. सल्वोर शेजारीच उभी होती. ती हो म्हणाली नाही. नाहीही म्हणाली नाही. तिथून ती गोष्ट आपल्या पायानं गावभर चालू लागली. ओग्मुंदुर पुन्हा समुद्रावर गेला नाही, कुंडात आला नाही. आणि हालबेरा? ती सव्वीस वर्षं दर हिवाळ्यात सल्वोरला लोकरीचे हातमोजे विणून देत होती, कोकरू कापलं की पहिला वाटा आणून देत होती. नवऱ्याचं पाप फेडत होती बिचारी. सल्वोर ते हातमोजे घालत होती.

दारावर कुणीच आलं नव्हतं. कोल्बेन म्हणाला होता, आई, अंग मोडून आलंय, आज राहू का? आणि तिनं त्याच्या अंगावरचं पांघरूण ओढून काढलं होतं. "तुझा बाप ताप असताना जायचा. ऊठ. बायकांसारखा लोळू नकोस." ती खिडकीतही उभी राहिली नव्हती. तिला कामावर जायचं होतं.

पुस्तक बदलून आणावं, असं तिला वाटलं. "मला नाही आवडलं" एवढं म्हटलं की कुणी काही विचारणार नव्हतं. मुलगा गेलेल्या आईला कोण जाब विचारतो? पण ओग्मुंदुर गोठ्यात उपाशी बसला होता, आणि त्याच्या स्वतःच्या लेकीनं ते छापून घराघरांत पाठवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कुंडात उतरली ती बसलीच नाही. कमरेइतक्या पाण्यात उभी राहिली. गेस्तुर होता, हालबेरा होती, कारखान्यातल्या दोघी बायका होत्या.

"ईदुनचं वाचलं," ती म्हणाली. "ठेवा. या वर्षातलं सगळ्यात चांगलं आहे. फक्त पान एकशे बारा खोटं आहे."

"म्हणजे कसं?" गेस्तुरनं विचारलं.

"ओग्मुंदुर आमच्या दारावर आला नव्हता. कोल्बेनला राहायचं होतं. मी पाठवला. मी पांघरूण ओढलं आणि त्याला टोमणा मारला, आणि तो गेला. तुम्ही सगळे बोललात तेव्हा मी ऐकून घेतलं. पोरीचा दोष नाही, तिनं गावाचं ऐकून लिहिलं. गावानं माझं मौन ऐकलं."

हालबेरा हळूहळू उठली. तिचा चेहरा गरम पाण्यानं लाल झाला होता, आणि तरी त्यावरून रंग उतरताना दिसला.

"सव्वीस," ती म्हणाली. "सव्वीस जोड विणले मी, सल्वोर. तुझ्या हाताचं माप मला झोपेत येतं." आणि ती निघून गेली.

गेस्तुर म्हणाला, "थांब गं, तिच्या मागे जाऊ नकोस."

"तिच्या मागे नाही जात," सल्वोर म्हणाली.

ती ओग्मुंदुरच्या गोठ्यात गेली. पुस्तक कोटाच्या खिशात होतं. तो मेंढ्यांना वाळलं गवत घालत होता. सत्तरी ओलांडली होती, पाठ वाकली होती. तिला पाहून त्यानं गवत उचलायचा काटा भिंतीला टेकवला. तिनं एका दमात सगळं सांगून टाकलं, कुंडात सगळ्यांना सांगितलं हेही.

तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "ठाऊक आहे मला."

"काय ठाऊक आहे?"

"धक्क्यावर आला तेव्हा दात वाजत होते त्याचे. मी म्हटलं, काय रे, घरी का नाही थांबलास? तर म्हणाला, आईनं पाठवलंय."

सल्वोर एक पाऊल पुढे आली. "आणि तू एक शब्द बोलला नाहीस? सगळं गाव थुंकत होतं तुझ्यावर. लेकीलासुद्धा सांगितलं नाहीस?"

"कुणाला सांगू? तुझा मुलगा गेला होता, सल्वोर. माझी बोट गेली होती." त्यानं एका मेंढीचं डोकं बाजूला सारलं. "आणि मी त्याला परत पाठवू शकलो असतो. ताप दिसत होता. पण दुसरा माणूस नव्हता, म्हटलं, चल. म्हणजे पोरीचं पान अगदीच खोटं नाही."

त्यानं काटा उचलून उरलेलं गवत गव्हाणीत टाकलं. मेंढ्या गवत चघळत होत्या.

"तू गावभर निकाल देतेस म्हणे," तो शेवटी म्हणाला. "मला काही पुस्तकांतलं कळत नाही. ते गाणं, दात घासतानाचं, तो बोटीवरही तेच गायचा. त्या पानावर मी पुस्तक मिटलं होतं. पुढचं कसंबसं वाचलं. खरं सांग. कसं आहे?"

"त्यात तो जिवंत आहे," सल्वोर म्हणाली.

"मग ठेव," ओग्मुंदुर म्हणाला. "आणि आज ईदुनचा फोन आला की मी उचलतो. तूही थांब. दोघं मिळून सांगू तिला."

सल्वोरनं हालबेरानं विणलेले हातमोजे काढून काखेत धरले. खिशातून पुस्तक काढलं, आणि पाठीवरची चिठ्ठी नखानं खरवडू लागली. ती सहज निघेना, पण तिनं शेवटचा कपटा निघेपर्यंत सोडलं नाही.