मरूसोच्या भिंतीतला भाडेकरू

मी एक जुना, पंख विटलेला पतंग आहे. जुना म्हणजे, मित्रांनो, मागच्या शरदातला! आमच्यात एवढ्या वयाला आजोबा म्हणतात.

लहानपणी मी हिरवी अळी होतो; शेपटीला निळं शिंग. दगडी बांधावरची चिकट रानवेल कुरतडून वाढलो, कोषात निजलो आणि तपकिरी अंगरखा, नारिंगी पंख लेऊन बाहेर आलो. इतर पतंग रात्री दिव्यांवर डोकी आपटतात. मी भर उन्हात फुलासमोर अधांतरी थांबतो आणि अंगाएवढ्या लांब सोंडेनं मध ओढतो. माझे नातलग पोर्तुगालपासून जपानपर्यंत पसरले आहेत. समुद्र ओलांडताना मी एका जहाजाला मागे टाकलं. ते बिचारं लाजून बंदरात परत गेलं. खोटं वाटलं तर जहाजाला विचारा.

हिवाळा मात्र मी ग्रीसमधल्या सिफ्नोस बेटावर, मरूसो म्हातारीच्या अंगणातल्या भिंतीच्या भेगेत झोपून काढला. ईस्टर जवळ आला, तशी मरूसो चुना फासायला निघाली. बादली धरायला नवरा झानिस.

"ती भेग आधी बुजव. नाहीतर समोरची काल्यो सणाच्या दिवशी गावभर दाखवेल."

"तू बादली नीट धर, म्हाताऱ्या. अर्धा चुना तुझ्या विजारीलाच लागलाय."

"विजार तरी पांढरी झाली!"

तेवढ्यात भेगेच्या तोंडावर चुन्याचा गोळा बसला. अंधार! गोळा वाळला की मी कायमचा आत. गारठलेल्या पंखांनी उडता येत नाही. आधी थरथरून अंग तापवावं लागतं. मी असा थरथरलो, की भिंत हलली, मित्रांनो! निदान माझ्या बाजूनं तरी. ओल्या चुन्यात डोकं खुपसलं आणि भुर्रकन बाहेर, थेट झानिसच्या नाकासमोर.

"अगं, पक्षी!"

"पक्ष्याला मिशा असतात होय रे? पतंग आहे तो. घरात आनंदाची बातमी आणतो म्हणतात, आणि मी त्याला जिवंत गाडत होते!"

मरूसोनं बोटांनीच भेगेतला चुना खरवडून काढला.

ईस्टरच्या सकाळी काल्योनं टोकलंच, "मरूसो, डोळे अधू झाले का गं? भेग राहिली!"

"राहिली नाही, ठेवलीय. भाडेकरू राहतो माझा. तुझ्याकडे आहे का एखादा?"

काल्यो आपल्या कुंड्यांकडे वळली. आणि मी, पंखांवर चुन्याचे ठिपके मिरवत, तिच्याच कुंडीतल्या फुलांचा मध प्यालो!

मित्रांनो, भिंती खुशाल रंगवा. पण भेग बुजवण्याआधी आत एकदा डोकावून बघा. आतल्याला जागं व्हायला थोडा वेळ लागतो.