केंद्र दिलेलं नाही

"ए ठमे, मी नापास झाले तर?" आईनं दबक्या आवाजात विचारलं.

"आई, ही काय परीक्षा आहे?"

"थापा मारू नकोस."

परीक्षाच होती. गेल्या आठवड्यात स्वतःच्याच गल्लीत उभं राहून तिनं मला फोन केला होता, "आपलं घर कुठलं गं?" तिला एकटं राहू द्यायचं की माझ्याकडे आणायचं, हे आता समोरची डॉक्टर सांगणार होती. आईला तिचं घर सोडायचं नव्हतं. तिची डावी मूठ घट्ट मिटलेली होती.

"आजी, या वर्तुळात घड्याळाचे आकडे लिहा. मग अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा."

"बाई म्हण. उभा जन्म भूमिती शिकवलीय." आई कागदाकडे बघत राहिली. "केंद्र दिलेलं नाही."

"असू दे. अंदाजानं करा."

"अंदाजानं?"

आई गेल्यापासून मला ऐकू येतो तो हाच आवाज.

तिनं माझ्या हातातलं दवाखान्याचं कार्ड ओढून घेतलं. मिटल्या मुठीनंच ते दाबून धरत त्याची कड वर्तुळाला जेमतेम टेकवली आणि रेघ ओढली. स्पर्शिका. ती जिथं टेकली तिथं कार्डाचा कोपरा लावून आत काटकोनात दुसरी रेघ. "स्पर्शबिंदूतला लंब केंद्रातून जातोच. जाईल कुठं?" ती पुटपुटली. काठावर आणखी एका ठिकाणी तसंच केलं. दोन लंब भेटले तिथं ठिपका दिला. माझा जीव भांड्यात पडला.

"छान. आता आकडे?"

आईची पेन्सिल ठिपक्यापासून काठापर्यंत गेली, परत आली. मग उत्तर न येणारी मुलगी शेजारणीकडे बघते तसं तिनं माझ्याकडे पाहिलं.

"कसले आकडे गं?"

तिच्या पाठीमागच्या भिंतीवर घड्याळ होतं. मी मान खाली घातली.

डॉक्टरनं कागद फाइलला लावला. "पुढच्या आठवड्यात बोलू."

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "बरं झालं की सगळं."

"आयुष्यभर पेपर तपासलेत मी," आई म्हणाली आणि तिनं मूठ उघडली. आत तिच्या घराची किल्ली होती. दात्यांचे वळ तळव्यावर उमटले होते. ती तिनं माझ्या हातात ठेवली.

किल्ली गरम होती.