मंगळवारचा फोन

मंगळवार उजाडला की सुगत बायकोच्या साहेबांना फोन लावायचा. "सर, मनिषाचं पोट बिघडलंय. आज न्हाई येत ती." सलग पाचवा मंगळवार! उमरीजवळच्या आरोग्य उपकेंद्रात मंगळवारी लसीकरण असायचं; बाया लेकरं घेऊन बसायच्या आणि लस न घेताच परत जायच्या.

सुगतची बायको मनिषा तिथली नर्स. दहा वर्षं तिनं लसी टोचल्या. पण पावसाळ्यात गावातल्या अंजूच्या बाळाला लसीनंतर कडक ताप भरला आणि अंजूची सासू दारात येऊन ओरडली, "लेकरू मारती का गं?" बाळ दोन दिवसांत खेळायला लागलं. मनिषा मात्र खचली. सुई दिसली की छाती धडधडायची, हात लटलट कापायचे. तिनं राजीनामाच लिहून ठेवला.

सुगत वाईट नव्हता हो! जीव लावायचा म्हणून तर खोटं बोलायचा. इथंच आपलं सगळ्यांचं चुकतं, मंडळी!

शेवटी तो तिला नांदेडला समुपदेशक वर्षाराणी मॅडमकडे घेऊन गेला. मॅडमनी वही पुढं केली. "मनात येतं ते लिहा."

मनिषानं लिहिलं, "माझ्या हातानं लेकरू मरंल."

"तुमच्या हातून आजवर किती लेकरं दगावली?" मॅडमनी विचारलं.

"एकबी न्हाई."

"तेही लिहा, त्याच पानावर. आणि सुगतभाऊ, तो फोन बंद! टाळलं की तेवढ्यापुरतं बरं वाटतं, अन् भीती फुगत जाते."

"पण तिला लई त्रास होतो, मॅडम."

"झेपेल एवढा होऊ द्या. या उपचाराला सीबीटी म्हणतात. विचार तपासायचा आणि भीतीला थोडं थोडं सामोरं जायचं."

मनिषानं साहेबांना खरं सांगून रजा घेतली. आधी नुसती सुई हातात धरली, मग रोज मोसंबीला टोचली. वही भरत गेली. दोन महिन्यांनी ती कामावर गेली, तर रांगेत पहिली अंजू, तेच बाळ घेऊन!

मनिषा धावत बाहेर, सोडायला आलेल्या सुगतजवळ आली. "अहो, साहेबांना फोन लावा. सांगा काहीतरी!"

सुगतनं नंबर काढलासुद्धा. मग फोन खिशात घातला. "न्हाई लावत."

"वैरी झालात का माझे?"

त्याचे डोळे भरून आले. "हितंच उभा हाय मी. जा तू."

ती गेली. भीती होतीच. तरी तिनं टोचलं. बाळानं टाहो फोडला.

संध्याकाळी अंजूचा फोन आला. "बाई, बाळाला ताप आलाय!" सुगतनं मनिषाकडं पाहिलं.

"लसीनंतर येतो गं ताप. मी सांगितलेलं औषध दे, मी येऊन बघते," मनिषा म्हणाली आणि चपला घातल्या.

मंडळी, मनाच्या दुखण्यावर उपचार आहे, त्याची लाज कसली? आपल्या माणसाची भीती खोटं बोलून झाकू नका! त्याला उपचाराला न्या, आणि तो पाऊल टाकेल तेव्हा दाराशी उभे राहा.