गुणाबाईच्या कागदातली रिकामी जागा

लातूरचे डॉक्टर राजशेखर रिपोर्ट सांगताना सुपारी चघळायचे, आणि ती चघळलेली सुपारी दीडशे किलोमीटरवर नांदेडात सुकन्याच्या कानात येऊन पडायची. कधी गाडीतून बोलायचे, कधी वॉर्डातून चालता चालता, कधी घास तोंडात असताना. इंग्रजी शब्दाचं डोकं तेवढं बाहेर यायचं, शेपूट तोंडातच राहायचं. पेशंटला घरी सोडताना दवाखाना जो कागद देतो, काय झालं होतं, काय केलं, पुढं कोणती गोळी, तो कागद या बोलण्यातून तयार व्हायचा. डॉक्टर मोबाइलमध्ये बोलून मोकळे. ऐकून टाइप करायचं सुकन्यानं.

नांदेडच्या वजिराबादेत कापड दुकानाच्या माडीवर मृत्युंजय सरांचं ऑफिस होतं. सात बाया कानाला हेडफोन लावून ओळीनं बसायच्या. पायाखाली पेडल. दाबलं की आवाज सुरू, टाच उचलली की बंद. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, शिलाई मशीनवर बसल्यात. सुकन्या अर्धापूरची, बी.एस्सी. झालेली. डॉक्टरी शब्द तिला कुणी शिकवले नव्हते. रद्दीतून आणलेली फाटकी मेडिकल डिक्शनरी तिनं सात वर्षांत अशी वाचली होती, की कोणता शब्द डाव्या पानावर आणि कोणता उजव्या हेही सांगायची.

शेजारची उज्वला हेडफोन काढून तिच्यापुढं धरायची. "सुके, कान दे गं जरा. हे बाबा काय बोलून राहिले, देवालाच म्हाईत."

"पुढं काय हाय?"

"पुढं पोटाची सोनोग्राफी."

"मग पोटातलंच असंल. दोनदा फिरव. ओठ मिटतात का त्याचे? मिटत असतील तर पॅन्क्रियाज."

"तुला त्याचे ओठ बी दिसून राहिले का? नवऱ्याचे तरी दिसतात का?"

"नवरा बोलतच न्हाई."

शब्द ऐकू येत नसला की त्याच्या शेजाऱ्यांना विचारायचं, ही तिची रीत. आवाज निम्म्या गतीवर आणायचा, एक कान झाकायचा, जीभ दाताला टेकते का टाळूला ते ओळखायचं. गोळी दिवसातून एकदा असेल तर ही, तीनदा असेल तर ती. मात्र तीन गोष्टी ती कधीच अंदाजानं लिहीत नसे. औषधाचं माप, डावं-उजवं आणि अ‍ॅलर्जी, म्हणजे कोणतं औषध त्या माणसाच्या अंगाला सोसत नाही ते. तिथं रेघ मारून जागा रिकामी सोडायची, शेजारी मिनिट-सेकंद लिहायचे. डॉक्टरनं तेवढं ऐकून भरायचं आणि मग सही करायची. नियम असाच होता, ऑफिसच्या भिंतीवर चिकटवलेलाही होता.

डॉक्टर राजशेखर काही भरत नसत. उलट चिडायचे. "एका कागदात तीन तीन रेघा? मला काय बोलता येत नाही का?" असा त्यांचा फोन आला की मृत्युंजय सर बायांच्या पाठीमागं येऊन उभे राहायचे.

"रेघोट्या कमी करा. त्या मशीनकडं बघा जरा," ते म्हणायचे. आपोआप टाइप करणारं एक सॉफ्टवेअर त्यांनी नवीन आणलं होतं. "त्यानं कधी जागा सोडली का? कधीच न्हाई. सगळं भरून देतं."

"चुकीचं भरतं सर."

"पण भरतं ना."

मग एक तोडगा निघाला, आणि बघता बघता त्याची पद्धत झाली. प्रत्येक जागेसाठी एक ठरलेली ओळ. छाती ऐकू आली नाही? दोन्हीकडं स्वच्छ. पोट? मऊ, दुखत नाही. अ‍ॅलर्जी? माहितीत नाही. निरोगी माणसाची ओळ आजारी माणसाच्या कागदात घालायची. ज्या बायांना धीर होत नव्हता त्यांच्या रेघा मृत्युंजय सर चेकिंगच्या टेबलावर बसून स्वतः भरायचे, हिशेबाच्या वहीत टिकमार्क करावेत तसे. छाती-पोटाच्या जागा सुकन्यानंही भरल्या होत्या. सगळेच भरतात, ही सबब तिच्याकडंही होती, आणि तिनं ती पुरेपूर वापरली होती.

जुलैत एका मंगळवारी अकरा वाजता गुणाबाईची फाइल आली. वय बासष्ट, गाव औशाजवळचं, पायाला पू झालेला, सहा दिवस दाखल. डॉक्टर गाडीत होते. सगळं नीट चाललं होतं. "अ‍ॅलर्जिक टू" म्हणाले, आणि ट्रकचा हॉर्न. हॉर्न संपला तेव्हा डॉक्टर पथ्यावर पोचले होते.

सुकन्यानं ती जागा एकवीस वेळा ऐकली. हॉर्नच्या खाली काहीच शिल्लक नव्हतं. मग शेजाऱ्यांना विचारलं. पहिल्या दिवशी सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनचं इंजेक्शन सुरू, दुसऱ्याच दिवशी बंद, लगेच वेगळ्या जातीचं औषध. चांगलं लागू पडणारं, रोजच्या वापरातलं औषध एका दिवसात कोण बंद करतं? सोसलं नाही म्हणून. तिला कळलं. पण कळणं आणि ऐकणं यात फरक आहे, आणि तिचा पगार ऐकण्याचा होता. तिनं रेघ मारली, दोन मिनिटं चौदा सेकंद लिहिलं. डॉक्टरांना तीनदा फोन लावला, उचलला नाही. मग मेसेज टाकला. तीन वाजता पाळी संपली, ती घरी गेली.

चार वाजता मृत्युंजय सरांनी ती रेघ ठरलेल्या ओळीनं भरली. पाचला कागद लातुरात पोचला. डॉक्टरांनी न वाचता सही केली.

गुणाबाईचा मुलगा शेषेराव, त्यानं तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवला. सोळा दिवसांनी आईला ताप भरला, खोकला सुरू झाला. औशातल्या डॉक्टरनं विचारलं, आधीचे कागद आहेत का? आहेत की. शेषेराव म्हणालासुद्धा, मागं एका सुईनं तिला त्रास झाला होता, कोणती ते ठाऊक नाही. डॉक्टरनं कागद बघितला. "इथं तर लिहिलंय, कसलीच अ‍ॅलर्जी नाही. मोठ्या दवाखान्याचा कागद आहे." शेषेरावनं स्वतःच्या डोळ्यांपेक्षा कागदावर विश्वास ठेवला. छापलेला होता, वर शिक्का होता. सुई गेली. दहाव्या मिनिटाला गुणाबाई निळी पडली.

लातूरला त्याच दवाखान्यात हलवून सहा दिवस श्वासाच्या मशीनवर ठेवलं, ती वाचली, असं म्हणतात. पण आता मुलगा कोण, सून कोण, तिला कळत नाही. ताट पुढं ठेवलं की ताटाकडं बघत बसते.

शेषेराव लातूरच्या दवाखान्यात येऊन बसला. ओरडला नाही, काच फोडली नाही. नुसता रोज येऊन केबिनसमोर बसायचा. त्याचंच डॉक्टरला भय वाटलं. त्यांनी मृत्युंजय सरांना फोन केला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मृत्युंजय सर सुकन्याला गाडीत घालून लातूरला निघाले.

लोहा मागं पडल्यावर त्यांनी टाइप केलेला एक कागद तिच्या मांडीवर ठेवला. 'डॉक्टरांनी स्पष्ट सांगूनही माझ्या ऐकण्यात चूक झाली. याला सर्वस्वी मी जबाबदार आहे.' खाली तिचं नाव, सहीसाठी जागा.

"माझ्या कुठं ऐकण्यात चूक झाली सर? मी रेघ मारली होती."

"रेघ कुठं हाय आता? फायनल कॉपीत हाय का? न्हाई. रेकॉर्डिंग बी महिन्यानं आपोआप उडतं, उडालं. तुझ्याकडं काही कॉपी-बिपी न्हाई ना?"

"न्हाई," सुकन्या म्हणाली. कॉपी नव्हतीच. मेसेजचं त्यांनी विचारलं नव्हतं.

"मग झालं तर. कागदाच्या तळाला टाइप करणाराच्या नावाची आद्याक्षरं असतात, ती तुझी हायेत. भरलं कोणी, त्याचं कुठं नाव नसतं. ऐक माझं. सही कर, नोकरी तुझी पक्की. टायपिस्टला कोण जेलात घालतंय? डॉक्टरवर गेलं तर दवाखाना जातो, दवाखाना गेला तर आपलं काम जातं, सात बाया घरी बसतात. उज्वलाचा विचार कर."

सुकन्यानं अहमदपूर येईपर्यंत उज्वलाचा विचार केला. मग चाकूर येईपर्यंत स्वतःचा. सही केली तर तिचा कान खोटा, आणि कानाशिवाय तिच्याकडं दुसरं काय होतं? नाही केली तर पगार बंद. नांदेडात दुसरं असं ऑफिस नव्हतं.

केबिनमध्ये गारवा होता. डॉक्टर राजशेखर सुपारी न चघळता बसले होते. समोर खुर्चीच्या टोकावर शेषेराव. चाळिशीचा, धुतलेला सदरा, मांडीवर तीच प्लास्टिकची पिशवी.

"या बाई टाइप करतात," डॉक्टर म्हणाले. "यांच्या ऐकण्यात चूक झाली. माणूस आहे, होतं. तसं त्या लिहून देताहेत."

शेषेरावनं तिच्याकडं बघितलं. "तुम्हीच का ताई?"

"टाइप मीच केलं."

"मग तुम्हाला काय ऐकू आलं होतं?"

इतक्या दिवसांत हे तिला कुणीच विचारलं नव्हतं.

"ट्रकचा हॉर्न," सुकन्या म्हणाली.

"सुकन्या," मृत्युंजय सर म्हणाले.

"हॉर्न ऐकू आला, भाऊ. साहेब गाडीतून बोलत होते. तुमच्या आईला कोणतं औषध सोसत न्हाई, ते हॉर्नमध्ये गेलं. म्हणून मी जागा रिकामी सोडली. अ‍ॅलर्जी न्हाई असं मी लिहिलंच न्हाई. ते नंतर आमच्या सरांनी भरलं. आमच्याकडं तसंच भरतात."

डॉक्टर वळून मृत्युंजय सरांशी इंग्रजीत बोलले. रागात माणसाचे उच्चार सुधारतात. एकेक शब्द खणखणीत होता. मग मराठीत म्हणाले, "पुरावा काय आहे याला?"

सुकन्यानं मोबाइल काढून मेसेज उघडला आणि शेषेरावच्या हातात दिला. डॉक्टरांना पाठवलेला. तारीख, वेळ दुपारचे बारा वीस. खाली दोन निळ्या खुणा, म्हणजे साहेबांनी वाचलेला.

मृत्युंजय सरांचा चेहरा उतरला. "तू म्हणालीस काही न्हाई."

"तुम्ही कॉपीचं विचारलं होतं."

"मला दिवसाला दोनशे मेसेज येतात," डॉक्टर म्हणाले. "मी ऑपरेशन करू का मेसेज वाचत बसू?"

शेषेराव ऐकत नव्हता. तो मेसेज वाचत होता, ओठ हलवत. 'सर, गुणाबाई पेशंट, अ‍ॅलर्जीचं ऐकू आलं नाही.' पुढं औषधाचं नाव इंग्रजी अक्षरांत, आणि 'हेच का? कृपया कळवा.' त्यानं पिशवीतून औशाच्या दवाखान्याची, तिथं दिलेल्या सुईची चिठ्ठी काढली, मोबाइलशेजारी धरली, आणि एकेका अक्षराखाली बोट ठेवत दोन्हीकडचं नाव ताडून बघितलं. त्याला बराच वेळ लागला. 

"हे तर तेच नाव हाय," तो म्हणाला. "म्हंजे तुम्हाला म्हाईत होतं."

सुकन्यानं मेसेज पुरावा म्हणून जपला होता. त्यात हेही लिहिलेलं आहे, हे तिच्या ध्यानात नव्हतं असं नाही. पण त्याकडं तिनं बघितलं नव्हतं.

"अंदाज होता."

"किती अंदाज?"

"शंभरातला नव्वद."

"नव्वद," शेषेराव म्हणाला. "अन् साहेबांनी जवाब दिला न्हाई, मग?"

"मग तीनला घरी गेले."

"माझा नंबर हाय ना त्या कागदावर. वरच. मायच्या नावाखाली." त्याचा आवाज चढला नाही, हेच वाईट होतं. "मला का लावला न्हाई फोन? पहिल्या दिवशीच्या सुईनं ती माझ्यासमोर कासावीस झाली होती. सुईचं नाव मला म्हाईत नव्हतं, तुम्हाला म्हाईत होतं. मी दिवस सांगितला असता, तुम्ही नाव सांगितलं असतं. दोन मिनिटांचं काम होतं ताई."

 सात वर्षांत हजारो फाइली झाल्या, हजारो जागा अडल्या. सुकन्यानं डिक्शनरीला विचारलं, उज्वलाला विचारलं, मशीनला विचारलं, डॉक्टरच्या मिनतवाऱ्या केल्या. ज्याच्या अंगात ते औषध गेलं होतं त्याला विचारावं, हे माडीवरच्या एकाही माणसाच्या डोक्यात आलं नव्हतं. नंबर रोज तीच टाइप करायची.

"बघा," डॉक्टर खुर्चीत पुढं सरकले. "यांना माहीत होतं. स्वतःच कबूल करताहेत. माझ्यापेक्षा यांना जास्त माहीत होतं. लिहून घ्या हे."

"घेते लिहून," सुकन्या म्हणाली.

तिनं गाडीतला तो कागद काढला, उलटा केला आणि कोऱ्या बाजूला लिहायला घेतलं. मृत्युंजय सर दोनदा म्हणाले, जे लिहायचं ते विचार करून लिही, आणि तिसऱ्यांदा म्हणाले, उद्यापासून येऊ नको. तिनं लिहिलं. अकरा वाजता फाइल आली. साहेब गाडीत होते. हॉर्न वाजला. मी रेघ मारली. मला औषध कळलं होतं. तीन फोन, एक मेसेज. साहेबांनी वाचला. घरच्यांना मी विचारलं नाही. मृत्युंजय सरांनी ठरलेली ओळ भरली, अशा ओळी मीही भरलेल्या आहेत. साहेबांनी न वाचता सही केली. मग पूर्ण नाव, नांदेडचा पत्ता, सही.

तिनं कागद डॉक्टरपुढं न ठेवता शेषेरावला दिला. त्यानं बोट ठेवत वाचला.

"कोर्टात हेच बोलणार का?"

"हाव."

"तुम्हाला कळलं होतं, हे बी?"

"हे बी."

त्यानं कागद तिच्याकडं परत सरकवला. कौतुकाचं एक अक्षर त्याच्या तोंडून निघालं नाही, आणि निघायचं कारणही नव्हतं. वर वॉर्डात त्याची आई ताटाकडं बघत बसली होती.

"मग आकडा बी लिवा," तो म्हणाला.

सुकन्यानं लिहिला. शंभरातला नव्वद. आधी आकड्यात, मग अक्षरात, चेकवर लिहितात तसा, नंतर कुणाला बदलता येऊ नये म्हणून.