पुढच्याच्या पुढच्या हिवाळ्याचं लाकूड

भुसा पिठासारखा पडत होता. ओंडका आडवा ठेवायच्या लाकडी घोडीखालच्या बर्फावर त्याचा फिकट पिवळा ढीग जमला होता. सिल्वीनं हातमोजा काढून त्यातली एक चिमूट अंगठ्यानं चोळून पाहिली, तर ती बोटांच्या रेषांत जाऊन बसली. करवतीला धार असली की ती पीठ पाडत नाही, ओटच्या पोह्यांएवढे कपचे फेकते आणि ते हातभर लांब जाऊन पडतात. आज काहीच उडत नव्हतं.

तिच्या नवऱ्यानं, ओइवानं, साखळीची मोटर-करवत बंद केली आणि कानांवरची झापडं वर सरकवली.

"काय बघतेस गं?"

"काही नाही."

"काही नाही बघायला नाक इतकं खाली घालावं लागतं वाटतं?"

"तू काप. तुझं काम कर."

"कापतोच आहे. हल्लीच्या साखळ्याच भिकार. पूर्वी एक साखळी अख्खा हिवाळा जायची."

दोष साखळीचा नव्हता. ओइवा आता सत्त्याहत्तर वर्षांचा होता. त्यातली चाळीस वर्षं त्यानं जंगलात करवत चालवण्यात घालवली होती, आणि त्या थरथरीनं त्याच्या बोटांतलं रक्त हळूहळू पळवून लावलं होतं. थंडीत बोटं दुसऱ्या पेरापर्यंत मेणबत्तीसारखी पांढरी पडत. मग त्या बोटांना गरम कप कळत नसे, सदऱ्याची गुंडी कळत नसे आणि करवतीचे दाते घासताना कानशीचा दाबही कळत नसे.

ही शेवटची गोष्ट सिल्वीला दोन वर्षांपूर्वी समजली. ती एकतीस वर्षं गावच्या डेअरीच्या प्रयोगशाळेत होती आणि दुधातली चरबी दशांशाच्या दोन घरांपर्यंत मोजायची. त्या मार्चमध्ये ओंडक्यांचे काप तिरके दिसायला लागले, तेव्हा तिनं जुना व्हर्नियर काढून करवतीचे दाते मोजले. डावीकडचे दाते उजवीकडच्यांपेक्षा मिलिमीटरभर आखूड होते. एका बाजूला हात जास्त पडत होता, आणि ते त्याला जाणवत नव्हतं. दाते असे असमान झाले की करवत सरळ जात नाही, लाकडात वळते आणि अडकते.

जेवणानंतर ओइवा तासभर आडवा होई. त्या तासात ती करवत सौनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या ओसरीत नेई आणि एकेक दाता घासून सारखा करी. संध्याकाळी कपचे पुन्हा उडायला लागत. ओइवा खूश होऊन म्हणे, "बघ, हात अजून गेलेला नाही." ती म्हणे, "नाहीच गेलेला." असे दोन हिवाळे निघाले.

यंदा मात्र नगरपालिकेचं पत्र आलं. गावात दवाखान्याच्या मागच्या इमारतीत तळमजल्यावर म्हाताऱ्यांसाठीच्या दोन खोल्या रिकाम्या झाल्या होत्या. शुक्रवारपर्यंत हो म्हणायचं, नाहीतर नाव पुन्हा यादीच्या तळाशी. पत्र दोघांनीही वाचलं होतं. सिल्वीनं ते पिठाच्या चाळणीच्या खणात ठेवलं, आणि त्या दिवसापासून दोघांपैकी कुणीही त्याचं नाव काढलं नव्हतं.

त्याच दिवसापासून तिनं कानसही हातात घेतली नव्हती. आता जमत नाही हे करवतच एक दिवस त्याला सांगेल, असं तिला वाटलं होतं. मग आपल्याला सांगावं लागणार नाही.

आज बुधवार होता.

ओइवानं झापडं खाली ओढली. करवत पुन्हा सुरू झाली. हा ओंडका पहिल्या भूर्जाचा होता. रस्त्याकडेचा हा भूर्ज वादळात आडवा झाला होता. तोडायची बाकीची अकरा झाडं तळ्यापलीकडे उभी होती. ओइवानं पानगळीतच त्यांना लाल फिती बांधून ठेवल्या होत्या. मार्चच्या शेवटी बर्फाचा वरचा थर रात्रीत असा गोठतो की सकाळी त्यावरून ट्रॅक्टर जातो. ते आठ-दहा दिवस गेले की जंगलात कंबरभर भुसभुशीत बर्फ, आणि मग काही बाहेर येत नाही. या दिवसांत तोडलेलं लाकूड मे महिन्यात फोडायचं, उन्हाळाभर वारा द्यायचा आणि खोपीत रचायचं. ते जळतं येत्या हिवाळ्यात नाही, त्याच्या पुढच्या. येत्या हिवाळ्याचं लाकूड खोपीत केव्हाच रचलेलं असतं. म्हणून इकडे म्हाताऱ्यांना कुणी विचारत नाही, की अजून किती वर्षं राहणार घरात? मार्चमध्ये करवतीचा आवाज आला की लोक समजतात, अजून दोन हिवाळे तरी.

करवत ओंडक्याच्या मध्यावर पोचली आणि उजवीकडे वळली. लाकडानं पातं धरून ठेवलं. ओइवानं ओढलं, ते आलं नाही. त्यानं पाय रोवून हिसका दिला.

पातं सुटलं. साखळी फिरतच होती, कारण त्याच्या बोटाला कळलंच नाही की ते अजून खटका दाबून आहे. करवत खाली आली आणि त्याच्या डाव्या गुडघ्याखाली बसली.

आवाज बंद पडला.

सिल्वी धावली. जाड विजार वीतभर फाटली होती आणि आतले लांब पांढरे धागे साखळीत गुरफटून दात्यांना घट्ट आवळून बसले होते. विजार त्यासाठीच असते. तिनं धाग्यांतून हात घातला, आतल्या लोकरीवरून बोटं फिरवली, मग हात उजेडात धरला. रक्त नव्हतं.

"पाय आहे का जागेवर?" ओइवानं विचारलं.

"आहे."

"बघ नीट. डेअरीसारखं बघ."

"आहे म्हटलं ना!" ती ओरडली. ती त्याच्याशेजारी ओंडक्यावर बसली.

बोटं गरम व्हावीत म्हणून ओइवानं ती काखेत घातली.

"यंदा घासली नाहीस तू," तो म्हणाला.

सिल्वी हातमोजा चढवायला लागली.

"मला काय आंधळा समजतेस? चाळीस वर्षांत माझे दाते कधी इतके सारखे आले नव्हते. जणू दुकानातून आणलेत. पहिल्याच दिवशी ओळखलं मी."

"मग बोलला का नाहीस?"

"काय बोलू? मला वाटलं, ही घासतेय म्हणजे हिला इथंच राहायचंय. म्हणून मी कापत राहिलो."

"मी घासत होते ते तू कापत होतास म्हणून."

ओइवा हसला, पण आवाज न करता. "छान. दोन शहाणी एका घरात राहतात."

"पाय गेला असता तुझा, ओइवा. माझ्यामुळे."

"गेला नाही ना? रडू नकोस, गालावर गोठेल." मग तो म्हणाला, "तिथे चूल नाही, सिल्वी. पत्रात लिहिलंय, गरम पाण्याच्या नळ्या आहेत. सकाळी उठून मी पेटवू काय?"

दुसऱ्या पेरापर्यंतची बोटं परत येणार नव्हती, नळ्यांच्या खोलीत ओइवाच्या सकाळी भरून निघणार नव्हत्या, आणि इथे राहिलो तर पुढचं पातं विजारीवरच बसेल असं कुणी सांगितलं होतं? तिनं सगळं मांडून पाहिलं. कुठूनही मांडलं तरी उत्तर तेच येत होतं.

रस्त्यावरून ट्रॅक्टर आला. शेजारचा तेउवो. गेली बारा वर्षं त्यांचे भूर्ज तळ्यापलीकडून तोच ओढून आणत असे. तो खाली उतरला, टोपी मागे सरकवली.

"काय म्हातारबा, सकाळी सकाळी विश्रांती? करवतीला केस आले की काय?"

मग त्याला फाटलेली विजार दिसली आणि त्याचं हसू थांबलं.

"लागलं?"

"विजारीला लागलं," ओइवा म्हणाला.

तेउवोनं मान हलवली. थोडा वेळ तो बुटानं भुसा पसरत राहिला. पीठ पाहिलं त्यानं. त्यानं तळ्याकडे बोट केलं.

"बर्फ उद्या-परवा झकास पेलेल, सोमवारनंतर मात्र नाही. म्हणून विचारायला आलो. अकरा झाडं आहेत ना तुमची? तोडायलाही मीच येईन, काका. तुम्ही नुसतं उभं राहून शिव्या द्या."

ओइवा तळ्याकडे बघत होता. पलीकडच्या काठावर लाल फिती इथूनही दिसत होत्या. त्यानं सिल्वीकडे पाहिलं. घरातलं आकडेमोडीचं काम नेहमी तिच्याकडेच असे, तसं.

सिल्वीनं करवतीच्या दात्यांतून धाग्यांचा एक पुंजका ओढून काढला आणि मुठीत धरला.

"तेउवो," ती म्हणाली, "यंदा आम्ही लाकूड तोडणार नाही."