तोंडानं बोला, आजोबा

रुमियानाचं ते पत्र मेतोदी आजोबांनी जाड्या शब्दकोशात ठेवलं होतं, 'उत्तर' हा शब्द ज्या पानावर होता तिथेच. निदान रोज नजरेस पडेल, असा हिशेब. सव्वा वर्ष नजरेस पडत राहिलं.

पत्र लहानच होतं. "बाबा, फोनवर तुम्ही नुसतं हूं हूं करता, म्हणून लिहिते. उन्हाळ्यात मुलांना तुमच्याकडे पाठवू का? आई असती तर विचारलंच नसतं. हो की नाही, एवढंच कळवा."

एवढंच कळवायचं होतं आणि तेच जमलं नाही. हो लिहावं, तर पोरं पडली-झडली, कंटाळली, आईसाठी रडू लागली तर? नाही लिहायला हात धजेना. गावच्या वाचनालयात अडतीस वर्षं काढलेला हा माणूस. लोकांशी बोलायचं तेही पुस्तकाच्या आडून. मुलांच्या हाती काय द्यायचं? त्यांनी उत्तराचे सात मसुदे केले, सातही चुलीत गेले, आणि उन्हाळा सरला.

या वर्षी रुमियानाने विचारलंच नाही. तिला राजधानीत, सोफियात, दहा दिवस कागदपत्रांची कामं होती. जुलैत ती जर्मनीहून आली, सहा वर्षांची कालिना आणि चार वर्षांचा यावोर यांना अंगणात उभं केलं आणि म्हणाली, "दहाच दिवस, बाबा. मुलं रमली तर ठीक. नाही रमली तर पुढच्या उन्हाळ्यापासून तिथल्याच शिबिरात घालीन. तुमच्या जिवाला घोर नको." टोमणा नव्हता तो, म्हणूनच जास्त लागला.

म्हणजे दहा दिवसांत काय ते ठरणार होतं. आजोबांनी त्याच रात्री वही काढून तयारी केली. दहा दिवस, दहा बेत: ओढ्यावर धरण, विष्णी तोडणे (त्या आंबट चेऱ्या नेमक्या आत्ताच पिकलेल्या), टेकडीवरच्या मेंढ्या, गिरणी... एकाखाली एक, सुवाच्य अक्षरात.

पहिल्या सकाळी त्यांनी घसा साफ केला. "ओढ्यावर जाऊ या का? धरण बांधू."

मुलं लाजरी. त्यातून हे आजोबा त्यांनी दोनदाच पाहिलेले. दोघांनी डोळे मोठे करून जोरजोरात माना खालीवर हलवल्या. आणि मान खालीवर हलली म्हणजे नाही, हे त्या गावात शेंबडं पोरही जाणतं.

"बरं, बरं. नको तर नको," आजोबा घाईघाईने म्हणाले आणि वहीतल्या धरणावर काट मारली.

दुसऱ्या दिवशी विष्णींवर काट बसली, तिसऱ्या दिवशी मेंढ्यांवर. खाण्याचं तेवढं बरं चाललं होतं. दह्यातलं काकडीचं थंड सार, वर शेपू, लसूण आणि कुटलेले अक्रोड. "आणखी वाढू?" विचारलं की कालिना मान आडवी हलवायची, म्हणजे हो. आजोबा आनंदाने वाढायचे. तिसऱ्या वाडग्याला तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांना लसणाचं वाटलं. यावोरला "झोप आली का?" विचारलं की तोही मान आडवी हलवायचा, मग भर दुपारी त्याला खिडक्या लावून निजवायचे. तो छताकडे बघत पडून राहायचा.

पाचव्या दिवशी वहीतल्या पाच बेतांवर काट होती. आजोबा पायरीवर बसून स्वतःशी म्हणाले, 'उत्तर दिलं नाही तेच बरं होतं. पोरांना माझा चेहराच आवडत नाही.'

तेवढ्यात कुंपणापलीकडे शेजारच्या रादकावहिनीचा आवाज आला. वहिनी म्हणजे त्यांच्या दिवंगत मित्राची बायको. तिला फटकळपणाचं वरदान होतं. कालिना कुंपणाला नाक लावून तिच्याशी बोलत होती. वहिनीने पावाच्या तुकड्यावर मसाल्याचं रंगीत मीठ भुरभुरून दिलं होतं, त्यामुळे पोरीची जीभ सुटली होती.

"आजोबा खोटं बोलतात," ती सांगत होती. "रोज विचारतात जाऊ या का. आम्ही रोज हो म्हणतो. मग ते म्हणतात नको तर नको, आणि वही मिटतात."

"हो कसं म्हणता गं तुम्ही?"

कालिनाने मान खालीवर हलवली.

कुंपणापलीकडे रादकावहिनी अशी हसली की तिच्या कोंबड्या उधळल्या. "अहो मेतोदीभाऊ! इकडे या जरा! अहो, ही पोरं जर्मनीची. त्यांचं हो म्हणजे आपलं नाही आणि त्यांचं नाही म्हणजे आपलं हो! पाच दिवस त्यांना ओढ्यावर जायचंय आणि तुम्ही सार पाजताय!"

आजोबा कपाळावर हात मारून उठले. हे त्यांनी वाचलेलं होतं. एका प्रवासवर्णनात, डाव्या पानावर, खाली. पानसुद्धा आठवलं, आणि घरात बसलेली पोरं मात्र वाचता आली नाहीत.

"इतकी पुस्तकं खाल्लीत, पण अक्कलदाढ काही आली नाही," रादकावहिनी म्हणाली. "जा आता, ऊन व्हायच्या आत निघा."

आजोबा मुलांपुढे वाकले. या खेपेला त्यांनी मनाशी घोकून ठेवलं: खालीवर म्हणजे हो. "ओढ्यावर जाऊ या?"

पण कालिनानेही मधल्या वेळात रादकाआजीकडून धडा घेतला होता. आजोबांना समजावं म्हणून तिने मुद्दाम मान आडवी हलवली. तिचं बघून यावोरनेही.

आजोबांचं तोंड उतरलं. "नको?"

"हो म्हणतेय मी!" कालिना पाय आपटून ओरडली. "तुमच्यासारखं हो!"

"मी तुमच्यासारखं समजलो."

मग यावोर खुदकन हसला, आणि कालिनाने निकाल दिला, "मान कुणी हलवायची नाही. तोंडानं बोलायचं. आजोबांनीपण."

"मीपण?"

"तोंडानं बोला, आजोबा."

"हो," आजोबा म्हणाले.

मग ओढा. आजोबांनी पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडला. त्या नडग्यांनी कित्येक वर्षांत ऊन पाहिलं नव्हतं. यावोर प्रत्येक दगडाला नाव देऊन मगच लावी, त्यामुळे धरण फार सावकाश वर आलं. वही घरीच राहिली. पुढचे चार दिवस रोज धरणच. टेकडीवर कुणी गेलं नाही, गिरणी कुणी पाहिली नाही. येताना रादकावहिनीच्या झाडाखाली थांबून विष्णी खायच्या आणि बिया कोण लांब थुंकतं ते बघायचं. त्यात आजोबा पहिले आले, आणि या यशाने ते स्वतःच गोंधळून गेले.

नवव्या दिवशी यावोरने चिखलाचा हात त्यांच्या गुडघ्यावर ठेवला. "आजोबा, पुढच्या उन्हाळ्यातपण बांधायचं?"

आजोबांची मान सत्तर वर्षांच्या सवयीने आडवी हलली. पोराचा खालचा ओठ थरथरला.

"तोंडानं!" पलीकडून कालिना ओरडली.

"हो!" आजोबा इतक्या मोठ्याने म्हणाले की काठावरच्या बेडकाने पाण्यात उडी घेतली. "हो, हो, बांधायचं!"

दुसऱ्या दिवशी रुमियाना आली. मुलं काळवंडलेली, गुडघे सोललेले, दोघं एकाच वेळी धरणाबद्दल सांगत होती. ती वडिलांकडे बघत राहिली, पण पुढच्या वर्षाचं काही विचारलं नाही. एकदा विचारून झालं होतं तिचं. निरोपाला बसपाशी आल्यावर आजोबांनी बोलायला तोंड उघडलं. तेवढ्यात ड्रायव्हरने भोंगा वाजवला, दार मिटलं, आणि काचेला नाक लावलेली कालिना ओठ हलवून काहीतरी बजावत असतानाच बस वळणाआड गेली.

काय बजावत होती, ते त्यांना ऐकू आलं नाही, पण कळलं.

घरी येऊन त्यांनी शब्दकोश उघडला. कोरा कागद घेतला. 'प्रिय रुमियाना, तुझ्या पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला.' हे वाक्य फार सावरून लिहिल्यासारखं वाटलं, पण खोडलं नाही. त्याखाली लिहिलं, 'हो.' एवढंच बरं दिसेल का? तुटक वाटेल का? सांभाळून घेईन, काळजी करू नकोस, असं काही जोडावं का? पेन बराच वेळ कागदावर टेकलेलं राहिलं. शेवटी त्यांनी आणखी एकच ओळ लिहिली: 'यावोरला सांग, धरणाचा मोठा दगड अजून जागेवर आहे.'

खिशात ठेवलं तर खिशातच राहील, म्हणून पाकीट हातात धरूनच ते चौकापर्यंत गेले. पिवळ्या टपालपेटीच्या फटीत पाकीट घातलं, आणि बोटं सोडायला जरा वेळ लागला.

बाकावर शेंगा सोलत बसलेली रादकावहिनी मघापासून बघत होती. "टाकलंत का एकदाचं?"

पाकीट आत पडल्याचा आवाज आला.

"हो," मेतोदी आजोबा तोंडाने म्हणाले.