अप्पांचे नऊ ढालकिडे

माझ्या सासऱ्यांची चूक काढायचं काम आमच्या घरात कुणी आपणहून अंगावर घेत नाही. चाळीस वर्षं त्यांनी पुलांचे आणि पाण्याच्या टाक्यांचे नकाशे काढले, आणि एवढ्या वर्षांत एक रेघ खोडावी लागली नाही, असं ते आल्यागेल्याला ऐकवतात. निवृत्त झाल्यावर अप्पा जरा स्वस्थ बसतील अशी सासूबाईंना भाबडी आशा होती. अप्पा दुसऱ्याच आठवड्यात वही घेऊन समोरच्या सार्वजनिक बागेत गेले आणि ढालकिडे मोजू लागले.

ढालकिडा म्हणजे मसुरीच्या दाण्याएवढा, पाठीवर ठिपके असलेला तो किडा. झाडांचा रस शोषणारा मावा खातो, म्हणून माळ्यांचा लाडका. अप्पांनी अकरा वर्षं रोज सकाळी ते पाहिले, मोजले आणि घरी येऊन रंगवले. पहिल्या वर्षी त्यांना दोनच जाती सापडल्या होत्या. मग जवळजवळ दर वर्षी एखादी नवी मिळत गेली आणि आकडा नऊवर पोचला. प्रत्येक नव्या जातीच्या दिवशी त्यांचा चेहरा असा फुललेला असायचा की आम्हाला विचारावंच लागायचं नाही.

मी काम करते त्या संग्रहालयाने या नऊ जातींवर अप्पांची पुस्तिका छापायचं ठरवलं. छापण्याआधी कीटक विभागाची तपासणी हवी, आणि कीटक विभाग म्हणजे मी आणि एक गळका नळ. खरं तर हे काम मी आधीच करायला हवं होतं. घरच्या वह्या म्हणून इतकी वर्षं मी त्यांच्याकडे कानाडोळा केला. "वा, छान आहे हं" म्हणून भाजी चिरायला निघून जायचे.

त्या दिवशी नऊ चित्रं टेबलावर ओळीने मांडली आणि भिंग काढलं. लाल एकोणीस ठिपक्यांचा, लाल आठ ठिपक्यांचा, बिनठिपक्यांचा नारिंगी, काळ्या पाठीवर दोन लाल डाग असलेला... अशा सात चित्रांत पाय तपकिरी होते आणि पाठीच्या पार शेवटाला एक बारीक आडवी वळी होती. आमच्या धंद्यात ही खूण पक्की. हे सात नव्हतेच. हा एकच किडा होता, दुसऱ्या खंडातून मावा मारायला मुद्दाम आणलेला आणि मग हाताबाहेर गेलेला. रंगांच्या बाबतीत त्याच्याइतका बेभरवशाचा प्राणी दुसरा नाही. बरं, ती वळी अप्पांनी सातही चित्रांत इमानेइतबारे काढली होती. आयुष्यभर नकाशे काढलेला माणूस, चित्र वेगळं म्हणजे वस्तू वेगळी एवढंच त्यांना माहीत.

संध्याकाळी मी चहाबरोबर विषय काढला. एरवी माझी जीभ सुरीसारखी चालते, पण त्या दिवशी तीन वेळा घसा खाकरला.

"एकोणीस ठिपके असलेला आणि एकही ठिपका नसलेला, दोन्ही एकच?" अप्पांनी कप खाली ठेवला. "उद्या म्हणशील पूल आणि टाकी एकच."

"पूल अंडी घालत नाही, अप्पा."

सासूबाई फिस्सकन हसल्या. अप्पा नाही हसले.

"बरं," ते म्हणाले, "मग अंडीच बघू. एका आईची सगळी पोरं सारखी निघाली की पुस्तिका आहे तशी छापायची. कबूल?"

मी कबूल केलं. छापखान्याकडे जायला अजून सहा आठवडे होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी एकोणीस ठिपक्यांची एक मादी आणली. तिने पानाच्या खालच्या बाजूला पिवळी, उभी, एकमेकींना खेटलेली अंडी घातली. अळ्या बाहेर पडल्या तशा एकमेकींना खायला लागल्या, म्हणून प्रत्येकीला वेगळी बरणी द्यावी लागली. "माझ्या बरण्या!" म्हणून सासूबाईंनी घर डोक्यावर घेतलं आणि चौथ्या दिवसापासून त्याच पिशवी घेऊन बागेतून माव्याच्या फांद्या आणू लागल्या. बावीस अळ्यांना पुरेल इतका मावा मिळवता मिळवता आमच्या नाकी नऊ आले. अप्पा दर दोन तासांनी बरण्यांवरून फिरायचे. माझ्याशी फक्त कामापुरतं बोलायचे.

तिसरा आठवडा संपता संपता एका सकाळी पहिले सहा कोष फुटले. "ये, ये लवकर!" अप्पांची हाक आली. सहाही बरण्यांत फिकट पिवळे, बिनठिपक्यांचे किडे बसले होते.

"बघ. एकाच आईचे, एकच रंग," अप्पा म्हणाले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा ते हसले होते.

कोषातून निघालेला ढालकिडा आधी असाच कोरा असतो आणि रंग काही तासांनी चढतो, हे मला माहीत होतं. तोंडावर आलेलं मी गिळलं. त्यांनी ते स्वतः पाहावं, असं वाटलं. रजा टाकून मी घरीच थांबले.

अप्पा रंगपेटी घेऊन बसले. दुपारी पहिल्याच्या पाठीवर धुरकट ठिपके उमटले. दुसरा नारिंगी झाला आणि तसाच राहिला. तिसरा कडांनी काळवंडू लागला. संध्याकाळी दिवे लागले तेव्हा तो पुरता काळा होता, पाठीवर दोन लाल डाग. अप्पांनी ब्रश पाण्यात ठेवला.

"भावंडं," ते म्हणाले.

मी जिंकले होते आणि मला अगदी वाईट वाटत होतं.

दोन दिवस ते बागेत गेले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी अकराही वह्या टेबलावर काढल्या आणि मला समोर बसवलं.

"मावा संपला की हा काय खातो?"

"दुसऱ्या ढालकिड्यांची अंडी. अळ्याही."

"मला वाटायचं, बाग भरत चाललीय," ते म्हणाले. "दर वर्षी नवीन पाहुणा. मी घरी येऊन पेढे वाटावेत तसा सांगायचो तुम्हाला."

मग त्यांनी पहिली वही उघडली. पहिल्या वर्षीच्या दोन जातींतला एक लहानसा, लाल पाठीवर दोन काळे ठिपके आणि काळे पाय असलेला. तो इथलाच, जुना. एका सकाळी त्रेचाळीस, अशी नोंद होती. तिसऱ्या वर्षी अकरा. पाचव्या वर्षी तीन. अप्पा पान उलटायचे, बोट फिरवायचे आणि आकडा कागदावर उतरवायचे. सातव्या वहीच्या मध्यावर त्यांचं बोट थांबलं. पुढच्या सगळ्या वह्या आम्ही दोघांनी मिळून दोनदा पाहिल्या. त्यानंतर तो कुठेच नव्हता.

अप्पांनी ती शेवटची नोंद मोठ्याने वाचली. "आज नवीन काही नाही. गुलाबावर दोन ठिपक्यांचा एक, नेहमीचाच. चित्र काढलं नाही."

"अप्पा, हे दुसऱ्या कुणाकडेही नाहीये," मी म्हटलं, आणि ते खरं होतं. "तो बाहेरचा कधी आला, हा इथला कधी गेला, तारखेनिशी फक्त तुमच्याकडे आहे. पुस्तिका हीच व्हायला हवी."

"छाप," ते म्हणाले. "सातही चित्रं एका नावाखाली घे. आणि ही ओळ अशीच छाप, माझ्या नावासकट."

मी मान हलवली. त्यांनी वही मिटली नाही. त्या ओळीखालच्या कोऱ्या जागेवर त्यांनी तळवा ठेवला.

"दहा मिनिटं लागतात गं एका चित्राला," ते म्हणाले.